बेडरूमचं दार लागत नाही? कुलूप बदलण्याआधी महिना सांगा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. भुसावळला १२ वर्षांचं घर, बेडरूमला फ्लश डोअर, म्हणजे प्लायसारखे थर चिकटवलेलं सपाट दार, आणि गोल मुठीचं लॅच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या तेव्हापासून दार ढकललं की लागल्यासारखं वाटतं, पण ‘टक’ होत नाही. कूलर चालू केला की आपोआप उघडतं. दुकानदार म्हणाला लॅच खराब झालंय, म्हणून नवं बसवून घेतलं. चार दिवस बरं चाललं, आता पुन्हा तेच. ‘आता कोणत्या कंपनीचं घेऊ?’

ताई, कोणत्याच कंपनीचं घेऊ नका. मी जळगावला ३२ वर्षं सुतारकाम करतोय. दार लागत नाही म्हणून जितक्या घरी गेलो, त्यात लॅच खरोखर मेलेलं असं क्वचितच सापडलं. लॅच म्हणजे एक जीभ आणि तिच्या मागे एक स्प्रिंग. समोर चौकटीला पट्टी आणि पट्टीला भोक. जीभ भोकासमोर आली तर आत पडते, नाही आली तर पडत नाही. ती भोकासमोर का येत नाही, याचं उत्तर लॅचमध्ये नसतं. ते बिजागरीत असतं, पल्ल्यात असतं, चौकटीत असतं, आणि आपल्या खान्देशात बरेचदा हवेत असतं. नवं लॅच चार दिवस चाललं त्याचंही नवल नाही. नव्या जिभेची कड कोरी असते, ती केसभर आधारावरही अडकून राहते. चार दिवस पट्टीवर घासली की कड मोडते आणि मूळ दुखणं वर येतं.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो महिन्याचा. दार कधीपासून लागत नाही? आखाजीच्या सुमारास बिघडलं आणि पोळ्यापर्यंत आपोआप सुधारलं, तर लाकूड आटलं होतं. उलट उन्हाळ्यात छान लागत होतं आणि श्रावणात घासायला, अडायला लागलं, तर लाकूड फुगलं. बाराही महिने सारखाच त्रास असेल आणि तो हळूहळू वाढत गेला असेल, तर बिजागरी ढिली झालीय. आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घराला रंग काढला, त्यानंतर दार लागेना, असं असेल तर पट्टीच्या भोकात डोकावून बघा. रंगाचा आणि पुट्टीचा गोळा बसलेला दिसेल.

हा महिन्याचा धडा मला फुकट मिळालेला नाही. काम नवं होतं तेव्हाची गोष्ट. ऑगस्टमध्ये अमळनेरला एका घरी गेलो. दार फुगून चौकटीत गच्च बसलेलं. मी पल्ला उतरवला, लॅचच्या बाजूने रंधा मारला, मोकळं होईपर्यंत मारत राहिलो. दार लोण्यासारखं चालायला लागलं, मालक खूश, मीही खूश. पुढच्या मे महिन्यात त्यांचा निरोप आला: ‘दार लागतच नाही, आते काय करानं?’ जाऊन बघतो तर पल्ला आणि चौकट यांच्यात करंगळी जाईल एवढी फट, आणि जीभ पट्टीपर्यंत पोचतच नव्हती. लाकूड उन्हाळ्यात जेवढं आटणार होतं तेवढं आटलंच, वर माझ्या रंध्याने खाल्लेलं वेगळं. त्या दाराच्या कडेला सागाची पट्टी चिकटवून द्यावी लागली, स्वतःच्या खर्चाने. तेव्हापासून भर पावसाळ्यात मी रंध्याला हात लावत नाही. फार तर जिथे घासतं तिथे मेण लावून देतो आणि दिवाळीनंतर या म्हणतो.

लाकूड फुगतं-आटतं ते रुंदीत. उंचीत जवळजवळ नाहीच. म्हणून दार ऋतूप्रमाणे अडतं ते बाजूला, वर-खाली नव्हे. सागाचं हे चालणं कमी असतं, म्हणून तर जुने लोक सातपुड्याच्या सागासाठी जीव टाकायचे. आंबा, कडुनिंब, बाभूळ यांचं जास्त. फ्लश डोअरमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने रुंदीतला फरक फारसा पडत नाही. पण त्याची खोड वेगळी आहे, ते वाकतं. ताईंच्या दाराचं मला तेच दुखणं वाटतंय. त्याकडे येतो, पण आधी एक चाचणी करून घ्या, म्हणजे माझा अंदाज चुकला तरी तुमचं काम अडणार नाही.

देवघरातलं कुंकू घ्या, चिमूटभर. त्यात दोन थेंब गोडंतेल घालून दाट कालवा आणि बोटाने लॅचच्या जिभेच्या टोकाला लावा. आता मूठ न फिरवता दार हळू ढकलून लावा, आपण रोज लावतो तसं. परत उघडा आणि चौकटीवरची पट्टी बघा. कुंकू कुठे उमटलंय ते बघितलं की कारण समोर उभं राहतं.

डाग भोकाच्या खाली उमटला तर पल्ला खाली उतरलाय. डाग भोकाच्या उंचीवर आहे पण खोलीकडच्या कडेवर पडलाय, तर दार पुरेसं आत जात नाही. डाग कुठेच नाही तर जीभ पोचतच नाही, म्हणजे फट मोठी झालीय. आणि डाग भोकाच्या दोन्ही कडांना लागलाय, जीभ भोकासमोर आहे, तरी ‘टक’ होत नाही, तर भोक खोल नाही किंवा आत काही अडकलंय. एका स्क्रू ड्रायव्हरने भोकाची खोली बघा. गोल मुठीच्या लॅचची जीभ साधारण १२ मिलिमीटर बाहेर असते, तेव्हा आत निदान १५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. चाळीसगावला एका बंद घराचं दार मी असंच तपासत होतो, स्क्रू ड्रायव्हर अर्ध्यातच अडला. टोकरून काढलं तर वाळलेली माती निघाली आणि त्यात कोळ्यांचे सांगाडे. कुंभारीण माशीने भोकात घर केलं होतं! मालकाने तोवर दोन लॅचं बदलून झाली होती.

आता पल्ला उतरल्याची गोष्ट, कारण दहातली बहुतेक दारं इथेच येऊन थांबतात. दार अर्धं उघडा, मुठीला दोन्ही हातांनी धरून वर उचलायचा प्रयत्न करा, आणि कोणाला तरी वरच्या बिजागरीवर बोट ठेवायला सांगा. बोटाला हालचाल जाणवली तर दुखणं सापडलं. पल्ल्याचं सगळं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतं, खालच्या बिजागरीला ते आत दाबतं. म्हणून ढिली होते ती नेहमी वरचीच. बंद दाराच्या फटीवरूनही हे कळतं: बिजागरीच्या बाजूला वरती फट रुंद, मुठीच्या बाजूला वरती पल्ला चौकटीला टेकलेला, आणि खाली मुठीकडचा कोपरा फरशीला घासतोय.

नुसता स्क्रू आवळून बघा. आवळला गेला तर ठीक. तो नुसताच गोल गोल फिरत राहिला तर लाकडाने चावा सोडलाय. इथे लोक जाड स्क्रू ठोकतात, हातोडीने! तसं करू नका. दाराखाली पाचर किंवा दोन-तीन मासिकं सरकवून पल्ल्याचं वजन उचलून धरा, म्हणजे पल्ला उतरवावा लागत नाही. एकावेळी एकच स्क्रू काढा. भोकात फेव्हिकॉल सोडा आणि बांबूच्या बारीक सळया त्यात दाटून ठोका, अगदी जागा उरणार नाही इतक्या. काडेपेटीच्या काड्या चालतात असं सगळे सांगतात. चालतात, पण त्या मऊ असतात. उदबत्तीची काडी त्यापेक्षा बरी, आणि सागाची चिरफळी मिळाली तर सगळ्यात उत्तम. रात्रभर वाळू द्या. सकाळी बाहेर आलेली टोकं पटाशीने सपाट कापा, २ मिलिमीटरच्या ड्रिलने मधोमध भोक पाडा आणि मग स्क्रू बसवा. चौकटीच्या बाजूला जुना २५ मिलिमीटरचा स्क्रू असेल तर त्याजागी ५० चा घाला, तो जुन्या भोकाच्या पुढच्या ताज्या लाकडात चावा घेतो. पल्ल्याच्या बाजूला मात्र लांब स्क्रू घालताना जपून. फ्लश डोअरला कडेची लाकडी चौकट अरुंद असते, आत काय भरलंय ते दिसत नाही.

चौकट अंजनाची असेल, आपल्याकडे जुन्या घरांत असतात, तर ड्रिल केल्याशिवाय स्क्रूला हातही लावू नका. पाण्यात बुडणारं लाकूड ते. स्क्रूची मान मोडते आणि मोडका तुकडा आत राहतो, मग तुम्ही आणि तो तुकडा. स्क्रूला थोडा साबण चोळून घ्या, सरसर जातो. चौकट लोखंडी असेल आणि बिजागरी खिळीवर उचलून काढता येणारी असेल, तर काम सोपं आहे. पल्ला उचला, खिळीत एक वॉशर टाका, परत बसवा. वॉशरच्या जाडीइतकं दार वर येतं.

बिजागऱ्या घट्ट आहेत तरी जीभ दीड-दोन मिलिमीटर खाली लागतेय, असंही होतं. तेव्हा खालच्या बिजागरीचे चौकटीकडचे स्क्रू सोडा आणि तिच्या मागे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी नंबर एक. खान्देशातल्या घरात तो शोधावा लागत नाही! पल्ल्याची खालची बाजू मुठीकडे सरकते आणि मुठीचा कोपरा वर उचलला जातो. एक पुठ्ठा, मग कुंकवाची चाचणी, गरज पडली तर दुसरा. तिसरा घालायची वेळ आली तर थांबा, दुखणं दुसरं आहे.

आता ताई, तुमचं दार. तुम्ही लिहिलंय की कूलर लावला की उघडतं. कूलर बाहेरची हवा खोलीत कोंबतो. खिडकी बंद असेल तर ती हवा दाराच्या फटींतून वाट काढते, अर्धवट अडकलेलं दार हलवून मोकळं करते. पण तुमची खोली आणि दार बघता दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास, हॉलमधली हवा पापड वाळवायच्या लायकीची. दाराच्या पलीकडे बेडरूममध्ये कूलरचा दमटपणा. एकाच पल्ल्याची एक बाजू ओली हवा पितेय आणि दुसरी भाजतेय. ओली बाजू ताणते, कोरडी आखडते, आणि पल्ला धनुष्यासारखा वाकतो. पोट ओल्या बाजूला, म्हणजे बेडरूमकडे. दार बेडरूममध्ये उघडत असेल तर लॅच नेमकं त्या पोटावर आहे. वरचा आणि खालचा कोपरा चौकटीच्या पतामाला, म्हणजे दार जिथे येऊन टेकतं त्या खाचेला, टेकतो, तुम्हाला वाटतं दार लागलं. मधे मात्र पल्ला दोन-तीन मिलिमीटर खोलीकडे राहिलेला असतो, जीभ भोकाच्या कडेवरच बसून राहते.

खात्री करून घ्या. दार लावा आणि मुठीच्या शेजारी हातानं, नाहीतर कमरेनं, जोराचा धक्का द्या. ‘टक’ झालं तर हेच आहे. आणखी एक: दोरा घ्या, पल्ल्याच्या उभ्या कडेला वरपासून खालपर्यंत ताणून धरा. मधे फट दिसली किंवा दोरा मधेच टेकून टोकं उचलली गेली, तर बाक दिसून येईल.

उपाय दोन आहेत. पहिला आजचा. पट्टीचे दोन स्क्रू काढा, पट्टी पक्कडमध्ये धरा आणि भोकाची खोलीकडची कड बारीक कानशीने खा. कुंकू जिथे लागलंय तीच कड, दुसरी नाही. दुसरी खाल्लीत तर उपयोग शून्य, आणि हीच जास्त खाल्लीत तर दार लागेलही आणि वाऱ्याने रात्रभर खडखडेलही. एक मिलिमीटर खाऊन बघा, बसवा, लावून बघा. कानस लागते हळू, पण खाल्लेलं लोखंड परत येत नाही. तुमच्या लॅचच्या जिभेला लागून एक बारीक अर्धगोल दांडी असेल तर आणखी जपा. दार बंद असताना ती दांडी पट्टीवर दाबलेली राहायला हवी, भोकात पडता कामा नये. ती भोकात पडली तर बाहेरून पत्र्याच्या पट्टीने लॅच सरकवता येतं. अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खावं लागतंय असं दिसलं तर कानस ठेवा आणि पट्टीच सरकवा. त्यासाठी पटाशीने खाच वाढवावी लागेल आणि जुनी स्क्रूची भोकं आधी बांबूने बुजवावी लागतील, नाहीतर नवा स्क्रू ओढल्यासारखा जुन्याच भोकात जातो.

दुसरा उपाय खरा. मोबाइलचा कॅमेरा चालू करून हात दाराच्या वरच्या कडेवर न्या आणि फोटो काढा. नव्वद टक्के खात्रीने सांगतो, तिथे रंग नसेल. कोरं लाकूड असेल, वर धूळ. खालची कडही तशीच. रंगारी दिसतं तेवढं रंगवतो, सुतार म्हणतो ते रंगाऱ्याचं काम, आणि दार दोन्ही टोकांनी हवा पीत राहतं. या दोन कडा बंद करा. पावसाळा संपून हवा कोरडी झाली, पण थंडीने पल्ला अजून आटलेला नाही, अशा दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आसपास, प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. खालच्या कडेसाठी पल्ला उतरवावा लागेल, तेवढं एकदा करून घ्याच. बाक अगदी शून्य होणार नाही, पण दर उन्हाळ्यातला हा खेळ बराच कमी होतो. तोवर कूलर चालू असताना समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. दारावरचा जोरही जातो आणि खोलीतला दमटपणाही. कूलर असाही खिडकी उघडी असेल तरच थंडावा देतो.

फट मोठी आणि जीभ पोचत नाही, हे प्रकरण मुख्यतः जुन्या लाकडी दारांचं. पट्टीखाली पुठ्ठा घालून ती थोडी पुढे आणायची, एवढं बहुतेक वेळा पुरतं. मे महिन्यात मोजून पावसाळ्यात फसू नका, पुठ्ठा एकच ठेवा. लॅच नवं बसवलेलं आहे म्हणून दोन गोष्टी नजरेखालून घाला. जिभेची उतरती बाजू दार लावताना चौकटीला भिडायला हवी. उलटी बसवलेली मी कितीतरी पाहिलीत. आणि मुठीचे दोन लांब स्क्रू फार आवळलेले असतील तर जीभ आत अडकून हळू बाहेर येते. अर्धा आटा सैल करून बघा. जिभेला खोबरेल तेल लावू नका. आपल्याकडच्या वैशाखातल्या धुळीत त्याचा चिखल होतो. पेन्सिल तासून तिची काळी भुकटी लावा.

एक प्रकार मात्र कुठल्याच पुठ्ठ्याने सुटत नाही. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. त्या मातीवर पाया उथळ असेल तर भिंत हलते, भिंतीबरोबर चौकट. बिजागरीच्या बाजूने ओळंबा सोडून बघा. चौकट वरपासून खालपर्यंत ५-६ मिलिमीटरहून जास्त कललेली असेल आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग छताकडे गेलेली असेल, तर सुताराला नका बोलवू. आधी स्थापत्य अभियंत्याला घर दाखवा. पायाजवळ टाकीचं पाणी सांडतंय का, तिथेच झाडांना पाणी घातलं जातं का, हे तो विचारेल तेव्हा खरं उत्तर द्या. भेग नाही, चौकट थोडीच कललीय आणि दार नुसतं आपोआप फिरतं, तर बिजागरीची खीळ काढून दगडावर ठेवून मधोमध हलका ठोका दिला की ती किंचित वाकते आणि बिजागरीत अडखळत फिरते. खीळ निघणारी असेल तरच, हल्लीच्या बऱ्याच बिजागऱ्यांची निघत नाही.

ताई, तुम्ही आज एवढंच करा. कुंकू लावा, दार लावा, पट्टीचा फोटो काढा, आणि दाराच्या वरच्या कडेचा एक. ते बघून कानस किती चालवायची ते सांगतो. जुनं लॅच टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा, माझ्या अंदाजाने ते धडधाकट आहे. बाथरूमच्या दाराला कामाला येईल.